दिजाँची मोहरी घेताना लेबल वाचा

‘दिजाँची मोहरी फ्रान्सहून कशाला आणायची, इथल्या सुपरमार्केटातही मिळते’ असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. ‘दिजाँ’ हे नाव फ्रान्समधल्या गावाचं असलं तरी मोहरीच्या या पेस्टच्या बाबतीत ते कृतीचं आहे, त्यामुळे ती कुठेही बनवता येते, आणि दाणे बहुतेक कॅनडाहून येतात. तीच बाटली उचलून आणण्यात खरंच काही हशील नाही. पण बाटलीवर ‘मूतार्द द बुर्गोन्य’ (म्हणजे बर्गंडीची मोहरी; बर्गंडी हा दिजाँच्या आसपासचा प्रांत) असं लिहिलेलं असेल तर जरूर घ्या. या नावाला 2009 पासून भौगोलिक संरक्षण आहे: दाणे बर्गंडीतच पिकलेले हवेत आणि त्यात तिथलीच पांढरी वाइन हवी.

मी बर्गंडीतल्या बोन गावातून एक छोटी बाटली आणली होती. झाकण उघडलं आणि पहिल्याच वासाला आई म्हणाली, “अगं, ही तर लोणच्याची फेसलेली मोहरी!” तोच नाकात जाणारा झणका, फक्त मागून वाइनची हलकी आंबट चव. काकडीच्या कोशिंबिरीत अर्धा चमचा घालून बघा, फार सुंदर लागते. उघडल्यावर मात्र फ्रिजमध्येच ठेवा आणि लवकर संपवा, झणका हळूहळू उतरतो.

आणि हो, बाटली चेक-इन बॅगेतच टाका. सुरक्षा तपासणीत मोहरीची पेस्ट द्रवातच धरतात, हातातल्या सामानात बहुतेक विमानतळांवर 100 मिलिलिटरच्या वर चालत नाही. माझी दुसरी, मोठी बाटली विमानतळावरच राहिली, त्याची हळहळ अजून जात नाही.