विषय: वापरलेली बीएमडब्ल्यू ३४०आय घ्यावी का? सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

आमची सध्याची सेडान आता जुनी झाली असून ती बदलण्याची वेळ आली आहे. तेवढ्याच पैशांत नवी साधी गाडी घेण्यापेक्षा वापरलेली, पण चालवताना खरोखर आनंद देणारी सेडान घ्यावी, असे पुष्कळ दिवस मनात आहे. दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. पहिली २०१७ सालची बीएमडब्ल्यू ३४०आय एक्सड्राइव्ह आहे. ती ६२,००० मैल चालली आहे, शॉम्बर्गजवळच्या एका डीलरकडे आहे आणि तो साडेबावीस हजार डॉलर मागतो आहे. दुसरी २००८ सालची ३३५आय आहे. ती खासगी मालकाची असून ९८,००० मैल चालली आहे आणि पहिलीच्या साधारण एक तृतीयांश किमतीत मिळते आहे. दुसरीची किंमत पाहून मोह होतो, हे मोकळेपणाने सांगतो.

माझा रोजचा प्रवास इलिनॉय राज्यातील आय-८८ हमरस्त्यावरून आहे आणि हिवाळ्यातही गाडी रस्त्यावरच असणार. दर उन्हाळ्यात आई-बाबा सांगलीहून येतात, तेव्हा त्यांचीही सोय पाहायला हवी. यांपैकी कोणती गाडी घ्यावी, घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे आणि पुढे दर वर्षी किती खर्च धरावा, याविषयी ज्यांनी अशा गाड्या बाळगल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

आपला,
डाउनर्स ग्रोव्हहून

*

स. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचले. बरीच वर्षे याच जातीच्या गाड्या बाळगल्या आणि शक्य तेवढे काम घरच्या गॅरेजमध्ये हातानेच केले, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी ३३५आयविषयी. ती गाडी चालवायला अप्रतिम आहे. तीन लिटरचे, सहा सिलिंडरचे, दोन टर्बोंचे आणि ३०० अश्वशक्तीचे ते इंजिन ज्याने एकदा चालवले तो ते विसरत नाही. पण २००८ सालच्या गाडीत जे एन५४ इंजिन येते, त्याची दुखणी आता सर्वांना पाठ आहेत. त्याच्या उच्च दाबाच्या इंधन पंपासाठी बीएमडब्ल्यूला वॉरंटी १० वर्षे किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवावी लागली आणि २०१० साली गाड्या परत बोलावाव्या लागल्या. ती वाढीव मुदतही केव्हाच संपली आहे. त्या इंजिनाचा पाण्याचा पंप पट्ट्यावर नव्हे, विजेवर चालतो, त्यामुळे तो जाण्यापूर्वी बहुतेक वेळा आवाज करत नाही की गळत नाही. हमरस्त्यावर अचानक इशारा येतो आणि गाडी बाजूला घ्यावी लागते. ऑइल फिल्टर हाउसिंगचे, म्हणजे तेलाचा फिल्टर ज्यात बसतो त्या भागाचे, गॅस्केट (गळती रोखणारी रबरी पट्टी) कडक झाले की तेल थेट खालच्या पट्ट्यावर ठिबकते, तेलकट पट्टा घसरून तुटतो आणि त्याचे तुकडे क्रँकशाफ्टच्या पुढच्या सीलमधून इंजिनात ओढले गेल्याची उदाहरणे आहेत. थोड्या डॉलरांचे गॅस्केट वेळेवर न बदलल्याने संपूर्ण इंजिन उघडावे लागते. ज्याच्याकडे दुसरी गाडी, हाताशी हत्यारे आणि मोकळे शनिवार-रविवार आहेत, त्याने ती हौसेने घ्यावी. रोज कामावर जाण्यासाठी घेतलीत, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला अशी गत होईल.

३४०आय मात्र वेगळ्या पिढीची आहे. तिच्यातील बी५८ इंजिन ३२० अश्वशक्तीचे आहे, त्याचा सिलिंडर ब्लॉक वरून बंद घडणीचा आणि मजबूत आहे, आणि पाण्याचा पंप पुन्हा पट्ट्यावर चालणारा आहे. माझ्या मते बीएमडब्ल्यूने अलीकडच्या काळात केलेल्या इंजिनांत हे सर्वांत भरवशाचे आहे. तरीही उष्णतेने प्लॅस्टिक ठिसूळ होतेच. ऑइल फिल्टर हाउसिंगभोवती तेल किंवा कूलंट झिरपणे आणि वरच्या व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट जाणे, या दोन गोष्टी या मैलांवर दिसू लागतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. डीलर तुम्हाला ‘संपूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड’ दाखवील आणि त्यावर सगळे शिक्के अधिकृत सेवाकेंद्राचे असतील. त्यावर समाधान मानू नका. २०१७ च्या मॉडेलला बीएमडब्ल्यूने ३ वर्षे किंवा ३६,००० मैलांची मोफत देखभाल दिली होती आणि त्यात तेल बदलण्याचे अंतर १०,००० मैल किंवा एक वर्ष असे होते. यांतील पुष्कळ गाड्या तीन वर्षांच्या लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, गेल्या होत्या. लीजवर घेणाऱ्याला तीन वर्षांनी गाडी परत करायची असते, त्यामुळे फुकट मिळते तेवढेच तो करून घेतो, आणि त्यात त्याचे काही चुकते असेही मी म्हणणार नाही. म्हणून शिक्क्यांची संख्या न पाहता ३६,००० मैलांनंतरची, मालकाने स्वतःच्या खिशातून पैसे भरलेली बिले मागा. ज्याने मोफत मुदत संपल्यावर ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी बदलले, स्पार्क प्लग बदलले आणि गिअरबॉक्सच्या तेलाचा विचार केला, त्याने गाडी सांभाळली असे समजावे. माझ्यापुढे ४०,००० मैलांची बिले नसलेली आणि ८०,००० मैलांची बिलांसहित, अशा दोन गाड्या ठेवल्या तर मी दुसरी घेईन.

गिअरबॉक्सच्या तेलाविषयी विशेष लिहितो, कारण येथे गैरसमज फार आहे. बीएमडब्ल्यू ते तेल गाडीच्या आयुष्यभराचे आहे असे सांगते. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर, म्हणजे ५० ते ७५ हजार मैलांनी किंवा आठ वर्षांनी ते बदलण्यास सांगते. तुम्ही पाहिलेली गाडी नेमकी त्या टप्प्यावर आहे. या आठ गिअरांच्या गिअरबॉक्सचा खालचा पॅन आणि फिल्टर हा प्लॅस्टिकचा एकच भाग असतो, तो सबंध बदलावा लागतो, आणि नवे तेल भरताना पातळी इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंश सेल्सिअस असताना पाहायची असते. हे न जाणणाऱ्या मेकॅनिककडे ते काम देऊ नये.

गाडी घेण्यापूर्वीची तपासणी डीलरच्या माणसाकडून करून घेऊ नका. बीएमडब्ल्यूवरच काम करणारा एखादा स्वतंत्र मेकॅनिक आधी शोधा आणि मगच गाडीचा सौदा करा. गाडी लिफ्टवर चढवल्यावर खालचे प्लॅस्टिकचे आवरण उतरवायला सांगा. गळणारे तेल त्या आवरणावरच साचते, त्यामुळे जमिनीवर एकही डाग न पाडणारी गाडी वरून ओली असू शकते. आवरण हातात घेऊन त्याची आतली बाजू पाहा. तेथे धूळ कोरडी आहे की तेलात मिसळून काळी चिकट झाली आहे, हे बोटाने कळते. इंजिन थंड असतानाच सुरू करून बघा. तुम्ही पोहोचण्यापूर्वीच ते गरम केलेले असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारे उपकरण) लावून केवळ दोषांचे कोड पाहू नका, मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच करते त्या चाचण्या, ‘तयार’ दाखवतात का तेही पाहा. आदल्या दिवशी कोड पुसले असतील तर बरेच मॉनिटर तयार नसतात, आणि अशी गाडी इलिनॉयच्या धूर-तपासणीतही अडकते. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, एनएचटीएसए या अमेरिकी सरकारच्या रस्ते सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की बाकी राहिलेले रिकॉल विनामूल्य समजतात.

कायद्याविषयी थोडे. इलिनॉयमध्ये २०१७ पासून डीलरने विकलेल्या, १,५०,००० मैलांपेक्षा कमी चाललेल्या गाडीच्या इंजिन-गिअरबॉक्ससारख्या मुख्य भागांना १५ दिवस किंवा ५०० मैल यांपैकी जे आधी होईल तोवर संरक्षण असते. खासगी मालकाकडून घेतलेल्या गाडीला ते मिळत नाही. बाहेरच्या कंपन्यांच्या वाढीव वॉरंटीच्या करारांत सील आणि गॅस्केटची गळती बहुधा वगळलेली असते, तेव्हा ते पैसे स्वतःच्या खात्यात ठेवलेले बरे.

खर्चाचे म्हणाल तर गाडीची किंमत निम्म्याहून खाली आली असली, तरी सुट्या भागांची आणि मजुरीची किंमत नव्या गाडीचीच राहते. नवी असताना ही गाडी ४५ हजार डॉलरांहून अधिक किमतीची होती. खर्चाचा अंदाज त्या आकड्यावरून बांधावा. पहिल्या वर्षासाठी तीन ते चार हजार डॉलर बाजूला काढता येत नसतील, तर ही गाडी आज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंजिनाचे तेल मी ५,००० मैलांनी बदलतो आणि ते बीएमडब्ल्यूच्या एलएल-०१ प्रमाणपत्राचेच वापरतो.

आपला स्नेहांकित,
नेपरव्हिलहून

*

नमस्कार,

काकांनी लिहिलेल्या बहुतेक गोष्टींशी मी सहमत आहे. आमच्याकडे हीच ३४०आय एक्सड्राइव्ह आहे, म्हणून चारही चाकांना ताकद देणाऱ्या यंत्रणेविषयी भर घालते, कारण त्याचा उल्लेख वर आलेला नाही.

एक्सड्राइव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणारा ट्रान्सफर केस असतो. टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असले किंवा पुढचे नवे आणि मागचे झिजलेले असले, तर चाकांच्या घेरात फरक पडतो आणि त्या फरकाचा भार ट्रान्सफर केसमधील क्लचवर सतत पडत राहतो. गाडी पाहायला जाल तेव्हा चारही टायर एकाच बनावटीचे आहेत का ते पाहा आणि टायरच्या बाजूवरील डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. ‘३२१९’ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. मग एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी अगदी सावकाश गोल फिरवा. ती अडखळत, थरथरत फिरत असेल तर ट्रान्सफर केसचे तेल किंवा खुद्द ट्रान्सफर केस तपासल्याशिवाय पुढे बोलणी करू नका.

रनफ्लॅट टायर (हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे) काढून साधे बसवावेत, असे पुष्कळ जण सांगतात, आणि साध्या टायरांवर गाडी अधिक मऊ चालते हे खरेच आहे. मी मात्र ते काढलेले नाहीत. या गाडीत स्टेपनी नसते, आणि जानेवारीच्या रात्री टोलवेवर टायर बसला तर सावकाश का होईना घरी पोहोचता येणे मला जास्त मोलाचे वाटते. हिवाळी टायरांचा वेगळा संच मात्र अवश्य घ्या. तापमान सात अंश सेल्सिअसखाली गेले की उन्हाळी टायरांचे रबर कडक होते आणि एक्सड्राइव्ह असूनही गाडी थांबायला वेळ घेते. मार्चमध्ये बर्फासाठी रस्त्यांवर टाकलेले मीठ संपले की गाडी खालून धुऊन घ्या.

आई-बाबांच्या दृष्टीने सांगायचे तर मागची जागा पुरेशी आहे, पण बैठक खाली आहे. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे मागे बसताना त्रास होतो, म्हणून त्यांना पुढे बसवून ती बैठक पूर्ण वर घेतो. तुमच्या आईंना एकदा बसवून बघता येणार नाही, तेव्हा निदान त्यांच्या गुडघ्यांचे कसे आहे ते फोनवर विचारून घ्या.

कळावे,
ऑरोराहून

*

काका आणि ताई, आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार.

आपण सांगितल्याप्रमाणे ३३५आयचा विचार सोडला आणि ३४०आय एका स्वतंत्र मेकॅनिककडे नेली. डीलर आधी बाहेर तपासणीला तयार नव्हता. तपासणीशिवाय पुढे जाणार नाही असे सांगितल्यावर तयार झाला. आवरण उतरवल्यावर ऑइल फिल्टर हाउसिंगखाली तेलाचा ओलावा दिसला, थेंब पडत नव्हते. गिअरबॉक्सचे तेल बदलल्याची नोंद नाही. पुढचे दोन टायर एका कंपनीचे आणि मागचे दोन दुसऱ्याच कंपनीचे आहेत, पण पार्किंगमध्ये गाडी अडखळली नाही. ५४,००० मैलांवर ब्रेकचे तेल आणि स्पार्क प्लग बदलल्याचे बिल मालकाच्या नावावर आहे. बॅटरी मूळचीच आहे. ही सगळी कामे आम्हीच करून देतो, असे डीलर म्हणतो. त्याचे म्हणणे मान्य करावे का?

*

प्रिय मित्र,

मान्य करू नये. डीलरला गाडी या आठवड्यात विकायची आहे, त्यामुळे गॅस्केट कोणत्या प्रतीचे घातले आणि गिअरबॉक्सचे तेल कोणत्या तापमानाला भरले, याची चिंता तो तुमच्याइतकी करणार नाही. तुमच्या मेकॅनिककडून हाउसिंगचे गॅस्केट, गिअरबॉक्सचा पॅन आणि तेल, ट्रान्सफर केसचे तेल, चार टायर आणि बॅटरी यांचा लेखी अंदाज घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करण्यास सांगा. तो पूर्ण रक्कम सोडणार नाही. टायर आणि गॅस्केटएवढी सोडली तरी सौदा चांगला आहे, कारण ५४,००० मैलांवरचे ते बिल मला फार आश्वासक वाटते.

गाडी हाती आल्यावर टायर आणि गॅस्केट आधी करा, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे तेल त्या पाठोपाठ. बॅटरी हिवाळ्यापूर्वी बदला, आणि बदलताना तिची नोंद गाडीच्या संगणकात करून घ्यायला विसरू नका; तशी नोंद केली नाही तर चार्जिंगची यंत्रणा नव्या बॅटरीला जुनीच समजून चार्ज करत राहते आणि ती लवकर खराब होते. नोंद करण्याचे उपकरण माझ्याकडे आहे. बॅटरी डिकीत उजव्या बाजूला असते, तासाभराचे काम आहे; एखाद्या शनिवारी सकाळी गाडी घेऊन या.

नेपरव्हिलहून