हसू कुणाचं, कुणावर? छेडछाडीला विनोदानं दिलेली उत्तरं

पारावर, एसटीत, ऑफिसात बाईवर हसणं फुकट असतं. तेच हसू तुम्ही कधी छेडणाऱ्यावर उलटवलंय का? फसलेले प्रसंगही सांगा, ते जास्त कामाचे.

बीड
परळीची एसटी. शेजारचे काका पेंगल्याचं सोंग करून माझ्यावर कलायले. दोनदा कोपर झटकलं. 17 मार्च 2023 पासून आम्हा बायांना अर्धं तिकीट झालं, त्यावरून चढताना ह्यांनीच टोमणा मारलेला. मी ओरडले, "कंडक्टर मामा, या काकांचं दीड तिकीट फाडा! एक त्यांच्या सीटचं, अर्धं माझ्या." मामानं मान वर न करता विचारलं, "अर्ध्याला लगेज लावू का?" मागून एक आजी: "पोत्यात घालून टपावर टाक की त्याला!" काका तेलगावलाच उतरले. तिकीट परळीचं होतं.

परभणी
ताई, तुमच्या मागं भरलेली बस होती. मी रात्री रिक्षात एकटी. घाबरून काहीतरी गमतीचं बोलले, तर त्याला वाटलं पोरगी खुलली. "हसली की फसली" डोक्यात बसलेल्यापुढं विनोद नको. सरळ 112 लावला.

लातूर
क्लासेसचे दिवस, गेल्याच वर्षीची गोष्ट. दोघं रोज गाडीवर होस्टेलपर्यंत मागं. आम्ही शंभर पानी वहीत त्यांचं हजेरीपत्रक सुरू केलं: तारीख, वेळ, गाडी नंबर, शेरा. "आज आठ मिनिटं उशीर, पालकांना घेऊन यावे." फाटकातून मोठ्यानं वाचायचो, "हजर म्हणा!" एक तिसऱ्या दिवशी गायब. दुसरा कोडगा. शेवटी ठाण्यात तीच वही ठेवली. पाठलाग म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 78, आणि आमच्याकडं सगळं तारीखवार तयार. साहेब शेरे वाचून हसले, पण नंबर उतरवून घेतला.

छत्रपती संभाजीनगर
युवक महोत्सवाचं प्रहसन, विषय हाच. तालमीत एक पोरगा साडी नेसून "ती" झाला, दुसरा टपोरी. पोरं लोळून हसली, पण साडीला! टपोरी तर हिरोच ठरला. मग "ती"चं पात्रच कापलं. आम्ही तिघी काजळाच्या मिशा काढून कट्ट्यावर बसलो आणि पहिल्या रांगेतल्या पोरांना वरून खालपर्यंत न्याहाळायला लागलो. शीळ. "ओ टीशर्ट, एकटाच का?" आधी हशा झाला. आम्ही थांबलोच नाही, एकाकडंच बघत राहिलो. त्यानं सॅक छातीशी घेतली. तेव्हा मागच्या रांगांतल्या बाया हसल्या, अन् काय हसल्या! पैठणच्या नाथांचं भारूडही असंच की, सोंग आपण घ्यायचं, चेहरा समोरच्याला दिसायचा त्याचाच. (नंबर आला नाही. परीक्षकांना म्हणे विषय गंभीरपणे मांडलेला हवा होता.)

जालना
आमचे साहेब मीटिंगमध्ये दुहेरी अर्थाचे जोक मारायचे. वर, "गंमत हो, मनावर घेऊ नका." मी पेन उघडून विचारलं, "इतिवृत्तात घेऊ का सर? शब्दशः सांगा." 2013 च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसांच्या ऑफिसात तक्रार समिती लागते, तीन महिन्यांत तक्रार द्यावी लागते, तेही त्याच पानावर लिहून ठेवलं. आता मीटिंग पंधरा मिनिटांत उरकते.