सीक्वेलला ‘उत्तरार्ध’ म्हणावं का? आणि घसरलेल्या सीक्वेलला काय म्हणावं?

चर्चाप्रस्ताव

सिनेपुरवण्यांत ‘अमुक चित्रपटाचा उत्तरार्ध येतोय’ असं सर्रास छापून येतं. मला ते खटकतं. उत्तरार्ध म्हणजे एकाच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग. पूर्वार्ध लिहितानाच तो ठरलेला असतो. ‘ड्यून’चे २०२१ आणि २०२४चे चित्रपट मिळून एकच कादंबरी पुरी होते, तिथे हा शब्द चपखल बसतो. पण १९९१चा ‘टर्मिनेटर २’ हा १९८४च्या चित्रपटाचा उत्तरार्ध कसा? आणि २०१९चा सहावा तर कशाचाच अर्धा नाही. लांबत गेलेल्या अशा विज्ञानपटांना, आणि पुढे पुढे त्यांची जी रया जाते तिला, मराठीत नेमकं काय म्हणावं?

प्रतिसाद

शिळ्या कढीला ऊत. झालं की!

प्रतिसाद

नाही हो. शिळ्या कढीला ऊत आणणं म्हणजे मिटलेला, कुणाला गरज नसलेला विषय उकरून काढणं. ‘टर्मिनेटर २’ सात वर्षांनी आला, पण शिळा मुळीच नव्हता. पहिल्या भागात मारायला आलेला यंत्रमानव दुसऱ्यात राखणदार झाला, आणि जीव मुठीत धरून पळणारी नायिका सारा कॉनर लढवय्यी झाली. पहिला जेमतेम ६४ लाख डॉलरमध्ये उरकला होता, दुसऱ्यावर सुमारे १० कोटी ओतले, आणि ते पडद्यावर दिसले. त्यामुळे ‘सीक्वेल आला की दर्जा घसरला’ हेच आधी खोडायला हवं. घसरण तिसऱ्यापासून आहे.

प्रतिसाद

माझं मत ‘उत्तरकांड’. वाल्मीकिरामायणात युद्धकांडाच्या अखेरीस फलश्रुती येते. आपल्याकडे फलश्रुती झाली की ग्रंथ संपला. उत्तरकांड मागाहून जोडलेलं आहे असं अनेक अभ्यासक म्हणतात, त्याचं हे एक कारण आहे. (श्रद्धेच्या वादात मी शिरत नाही, मुद्दा रचनेचा आहे.)

‘टर्मिनेटर २’ला अशीच फलश्रुती आहे. पहिल्या यंत्रमानवाची उरलेली चिप वितळवली, यांत्रिक हात वितळवला, शेवटी टर्मिनेटर स्वतः पोलादाच्या रसात उतरला. यंत्रं अणुयुद्ध पेटवून माणसांचा संहार करणार होती तो २९ ऑगस्ट १९९७चा प्रलय टळला. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉननं तर २०२९ सालच्या बागेत बसलेली म्हातारी सारा, आजूबाजूला खेळणारी मुलं, असा शेवट चित्रितही केला होता. तो गाळून रात्रीचा धावता रस्ता ठेवला, म्हणजे दार किंचित किलकिलं राहिलं इतकंच. २००३च्या तिसऱ्या भागाला उभं राहायचं तर आधी हे सगळं पाडणं भाग होतं. त्यानं एका वाक्यात पाडलं: प्रलय टळला नव्हताच, नुसता पुढे ढकलला गेला होता. दुसऱ्या भागातली सगळी धडपड त्या वाक्यानं फुकट गेली. मला त्या चित्रपटाचा शेवट आवडतो, प्रलय खरोखर येतो आणि कुणी वाचवायला येत नाही. पण तिथवर पोचायला मोजलेली किंमत फार मोठी आहे.

म्हणून उत्तरकांड. आधीचा शेवट मोडल्याशिवाय ज्याला सुरुवातच करता येत नाही, असा पुढचा भाग.

प्रतिसाद

शब्द छान, पण मोडायची गरज का पडते ते सुटलं. कारण साधं आहे: हक्क. कॅमेरॉननं पहिल्या चित्रपटाचे हक्क निर्माती गेल ॲन हर्डला एका डॉलरला विकले होते. दिग्दर्शन मीच करणार, एवढीच अट. पुढे दुसरा भाग काढणारी कॅरोल्को कंपनी दिवाळखोरीत गेली आणि हक्क हातोहात फिरू लागले. २००९चा चौथा भाग ‘सॅल्व्हेशन’ काढणारी हॅल्सियनही बुडाली, आणि २०१० साली हक्कांचा लिलाव झाला. प्रत्येक नव्या मालकानं पैसे मोजले ते नावासाठी. गोष्ट केव्हाच संपली होती, आणि नाव विकत घेतल्यावर पैसे वसूल करायला चित्रपट काढावाच लागतो.

मग जे होतं त्याला आपल्याकडे शब्द आहे: सारवासारव. मागच्या भागात घडलेलं ‘तसं घडलंच नव्हतं’ असं नंतर सांगायचं. २०१५चा ‘जेनिसिस’ थेट १९८४मध्ये जाऊन पहिल्याच चित्रपटाच्या प्रसंगांवर नवा हात फिरवतो, आणि ज्याला वाचवण्यासाठी इतकी वर्षं खटाटोप चालला तो साराचा मुलगा जॉन कॉनरच खलनायक होतो. २०१९चा ‘डार्क फेट’ तिसऱ्यापासूनचं सगळं रद्द समजतो, आणि पहिल्या काही मिनिटांत जॉनला मारून टाकतो. यात तर कॅमेरॉन निर्माता म्हणून परत आला होता. तेव्हा ‘मूळ कर्ता नव्हता म्हणून बिघडलं’ हेही पुरतं खरं नाही. शिवाय ‘सॅल्व्हेशन’, ‘जेनिसिस’, ‘डार्क फेट’ हे तिन्ही नव्या त्रयीचे पहिले भाग म्हणून आखले होते. दुसरा भाग एकाचाही निघाला नाही.

प्रतिसाद

शेवट मोडला की चित्रपट पडतोच, असं मात्र म्हणू नका. ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ घ्या. १९७०च्या दुसऱ्या भागाच्या शेवटी अख्खी पृथ्वीच नष्ट होते. याहून पक्की फलश्रुती कुठली! तरी पुढच्याच वर्षी तिसरा आला: पृथ्वी फुटण्याआधी तीन वानर यानातून निसटले आणि आपल्या काळात येऊन पडले. युक्ती उघड उघड ओढूनताणून आणलेली आहे. पण बाजू उलटली. आता माणसांच्या जगात वानर परके, आणि घाबरलेली माणसं क्रूर. पैसे कमी असूनही तो भाग आजही बघवतो. याउलट १९९२च्या ‘एलियन ३’नं आधीच्या भागात जिवावर उदार होऊन वाचवलेली न्यूट ही मुलगी आणि सैनिक हिक्स यांना सुरुवातीलाच मारलं. त्यामुळे आधीचा भाग पुन्हा बघतानासुद्धा मन खट्टू होतं.

चर्चाप्रस्तावकाचं उत्तर

म्हणजे उत्तरकांडातही दोन जाती झाल्या. एक मागचं मोडून काहीतरी नवं विचारतं, दुसरं मोडून पुन्हा तेच मांडतं. दुसऱ्या जातीला मी ‘सारवासारव’ लावीन. पहिलीला अजून नाव सापडलं नाही, पण तिची उदाहरणंही थोडीच आहेत.

प्रतिसाद

मुद्रितशोधकाच्या खुर्चीतून सांगतो: बातमीत ‘उत्तरकांड’ छापू नका, दुसऱ्या दिवशी पत्रांचा ढीग येईल. साधं ‘पुढचा भाग’ किंवा ‘सीक्वेल’ लिहा. मागच्या काळातली कथा असेल तर ‘पूर्वकथा’. ‘उत्तरार्ध’ मात्र एकच गोष्ट दोन भागांत कापली असेल तेव्हाच. आणि ‘सीक्वेल’मधला सी दीर्घ. आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या मजकुरात तो ऱ्हस्व असतो.