रेडिएशन इमर्जन्सीचा ऑनलाइन सराव: कॅज्युअल्टीच्या टीमकडून नेमकं काय करून घ्यायचं?

कॅज्युअल्टी_पालघर
जिल्ह्यातले डॉक्टर, सिस्टर आणि 108 चा स्टाफ, अशा तीसेक जणांसाठी दोन तासांचा ऑनलाइन सराव आखतोय. बरेच जण मोबाइलवरून येतील. तारापूर जवळ, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात अणुभट्टीच आहे. नुसत्या स्लाइड दाखवायच्या नाहीत. प्रसंग कोणता घ्यावा? आणि सर्व्हे मीटर (रेडिएशन मोजायचं यंत्र), कपडे उतरवणं हे स्क्रीनवर कसं शिकवायचं?

आपत्कालीन_एमडी
अणुभट्टी राहू द्या, भंगाराचं दुकान घ्या. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाचा जुना गॅमा इर्रेडिएटर (नमुन्यांवर गॅमा किरण सोडायचं यंत्र) लिलावातून भंगारात गेला, आतलं किरणोत्सारी कोबाल्ट-60 कामगारांच्या हाती लागलं आणि एकाचा जीव गेला. असा पेशंट दारात येऊन ‘रेडिएशन’ म्हणत नाही. उलट्या होतायत, कातडी भाजल्यासारखी झालीय, एवढंच सांगतो. म्हणून सरावाचं नाव ‘मास कॅज्युअल्टी’ ठेवा आणि सुरुवातीला इतकंच कळवा: एकाच दुकानातले दोन पेशंट.

सहा-सहाचे गट करा, प्रत्येकात एक जण फक्त वेळा लिहायला. नवी माहिती दर सात-आठ मिनिटांनी व्हॉट्सॲपवर सोडा, म्हणजे व्हिडिओ अडकला तरी काम थांबत नाही.

पहिला पेशंट: मांडीतून रक्तस्राव, कपड्यांवर धूळ, मीटर जोरात वाजतोय. इथे गट हमखास आंघोळ घालायला धावतो. आधी रक्तस्राव थांबवायचा, श्वास आणि बीपी बघायचं. बाहेरचे कपडे कापून आतून बाहेर गुंडाळत काढले की 80 ते 90 टक्के दूषितता तिथेच जाते. मग जखम, मग नाक-तोंड, शेवटी जखम नसलेली कातडी. कोमट पाणी, सौम्य साबण, घासायचं नाही. नाकपुड्यांचे स्वॅब मात्र तोंड धुण्याआधी, दोन्ही वेगवेगळे.

दुसरा पेशंट: रेडिओग्राफी कॅमेऱ्यातून (कारखान्यात धातूचे जोड किरणांनी तपासायच्या यंत्रातून) निसटलेली किरणोत्सारी इरिडियम-192 ची सीलबंद पेन्सिल खिशात ठेवलेली. मांडी लाल, उलट्या सुरू, पण अंगावर मीटर बॅकग्राउंडच (आजूबाजूला नेहमी असतं तेवढंच रेडिएशन) दाखवतो. याला धुवायचं काहीच नाही आणि याच्यापासून कुणाला धोकाही नाही. ‘तो तुकडा आत्ता कुठे आहे?’ हे पहिल्या पाच मिनिटांत ज्या गटाने विचारलं नाही, त्या गटाला पेशंटची बायको घरी आजारी असल्याचा मेसेज पाठवा.

आरएसओ_ठाणे
मीटरचं प्रात्यक्षिक कॅमेऱ्यासमोर करा, पण झूमचं नॉइज सप्रेशन मीटरची टिकटिक गिळून टाकतं. ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर समोरच्यांना फक्त शांतता ऐकू येते.

आधी पेशंटपासून लांब बॅकग्राउंड मोजून लिहून घ्यायचं. प्रोब कातडीपासून एक-दोन सेंटीमीटरवर, सेकंदाला दोन ते पाच सेंटीमीटर. घाईत हात फिरवला तर लहान डाग निसटतो. प्रोबवर पातळ प्लास्टिक चढवा. अल्फा कण मोजायचे असतील तर प्लास्टिक चालत नाही. सगळ्यात मोठी चूक एककांची: 1 एमआर (मिलीराँटजेन) प्रति तास म्हणजे साधारण 10 मायक्रोसिव्हर्ट प्रति तास. डायलचा फोटो टाकून प्रत्येकाकडून आकडा आणि एकक दोन्ही लिहून घ्या.

कपडे उतरवायचा सराव आपापल्या केंद्रात वीस मिनिटांत होतो. जुन्या शर्टवर हळद टाका, डबल ग्लोव्ह्ज घालून शर्ट कापून काढा, मग खोलीत अंधार करून यूव्ही टॉर्च मारा. मनगट आणि गळ्याजवळ हळद चमकते, तिथेच बहुतेकांचा हात लागलेला असतो.

कॅज्युअल्टी_पालघर
खूप आभार. सिस्टर दोन गोष्टी विचारतायत: आयोडिनच्या गोळ्या सगळ्यांना द्यायच्या का, आणि एक्स-रे रूममधले लेड ॲप्रन घालायचे का?

आपत्कालीन_एमडी
दोन्ही नाही. पोटॅशियम आयोडाइड फक्त किरणोत्सारी आयोडिनवर, तेही शरीरात जाण्याआधी किंवा पहिल्या काही तासांत. सीझियम-137 साठी प्रशियन ब्लू, मोठ्यांना 3 ग्रॅम दिवसातून तीनदा. कोबाल्ट-इरिडियमच्या बाहेरून बसलेल्या माऱ्यावर यातलं काहीच चालत नाही. लेड ॲप्रन सीझियम-कोबाल्टचे गॅमा फारसे अडवत नाही, उलट माणूस लवकर थकतो. गाऊन, मास्क, डबल ग्लोव्ह्ज आणि डोसिमीटर (स्वतःला बसलेला डोस मोजणारं उपकरण) पुरे.

लॅब_टेक्निशियन
लॅबलाही गटात घ्या. पहिला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) लगेच, मग पहिले दोन दिवस दर सहा ते बारा तासांनी. लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) किती वेगाने उतरतात यावर सगळं अवलंबून आहे. 48 तासांत ॲब्सोल्यूट काउंट 500 च्या खाली गेला तर डोस गंभीर. उलट्यांची वेळही हवीच: माऱ्यानंतर तासाभरात सुरू झाल्या तर डोस बहुधा 4 ग्रेच्या (शरीरात शोषलेल्या डोसचं एकक) वर, दोन तासांनंतर तर बहुधा 2 च्या खाली. पण भीतीने किंवा खाण्यातूनही उलट्या होतात, म्हणून एकट्या या निकषावर पेशंट घरी पाठवू नका.

डायसेंट्रिक चाचणीचा (रक्तपेशींच्या गुणसूत्रांवरून डोस काढायच्या चाचणीचा) रक्ताचा नमुना लिथियम हेपरिनच्या ट्यूबमध्ये, शक्यतो माऱ्यानंतर 24 तासांनी घेतलेला. तो गोठवायचा नाही, पेशी मेल्या तर चाचणी होतच नाही. सरावात प्रत्येक गटाकडून ट्यूबचं लेबल भरून त्याचा फोटो मागवा. तारीख सगळे लिहितात, नमुना घेतल्याची वेळ राहून जाते.