बेडरूमच्या भिंतीला दर पावसाळ्यात काळी बुरशी, मुलीचा खोकला थांबत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सिंहगड रोडला जुन्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतो. जुलै लागला की बेडरूमची पश्चिमेची भिंत ओल धरते. आधी पुट्टी फुगते, मग पोपडे सुटतात. काल लोखंडी कपाट पुढे ओढलं तर मागे हातभर रुंद काळा पट्टा! आतल्या माझ्या लग्नाच्या शालूच्या घडीवरही पांढरी लव आली आहे. खोलीचं दार उघडलं की कुबट वास येतो.

दोनदा ब्लीचच्या पाण्यानं पुसलं. गेल्या दिवाळीत रंगाऱ्यानं वॉटरप्रूफ रंग मारून दिला, तर यंदा त्याच रंगाखालून बुरशी वर आली. कपाटात कापूर आणि डांबरगोळ्या ठेवते, त्यानं नुसता वास झाकला जातो.

खरी काळजी मुलीची आहे. सहा वर्षांची आहे, याच खोलीत झोपते. रात्री दोन-अडीचला कोरडा खोकला सुरू होतो आणि पोर बसूनच राहते. आजोळी सोलापूरला आठ दिवस होती, तिथं एकदाही खोकली नाही. परत आली आणि दुसऱ्याच रात्री पुन्हा सुरू. डॉक्टरांनी ॲलर्जीचा दमा असू शकतो म्हणून पंप दिलाय, आणि घरात ओल आहे का हेही विचारलं.

कमिटी म्हणते, घरातली भिंत तुमची तुम्ही बघा. हे बरोबर आहे का? आणि आत्ता, भर पावसात, मी काय करू शकते?

प्रतिसाद

ताई, मुलीला आजपासून दुसऱ्या खोलीत झोपवा. बाकीचं नंतर.

आपल्याकडे नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या भिंतीला झोडपतो. बाहेरच्या गिलाव्याला चिरा गेल्या असतील तर पाणी तिथूनच मुरतंय, आतून कितीही रंग मारा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरून येणारी पावसाची गळती दुरुस्त करणं सोसायटीचं काम आहे. फोटो जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. चिरा भरून बाहेरून कोट मारायचं काम दिवाळीनंतर, भिंत पुरती वाळल्यावरच करून घ्या. ओल्या भिंतीवर काहीच टिकत नाही.

बुरशी कोरडी खरवडू नका, बीजाणू खोलीभर उडतात. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, खिडकी उघडून, साबणाच्या पाण्यानं ओलं करत पुसा. मुलगी तेव्हा घरात नको. ब्लीचनं काळा डाग जातो, पण गिलाव्यात शिरलेले तंतू आतच राहतात. मेलेल्या बुरशीनंही ॲलर्जी होते, म्हणून ती पुसून काढायलाच हवी. ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

डांबरगोळ्या काढून टाका, त्या वाफेनं श्वासनलिका आणखी चिडते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. आर्द्रतामापक आणा, आकडा ६० टक्क्यांखाली आणायचा आहे. कपडे कुठं वाळत घालता? एका धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं.

धागाकर्ती

दोरी त्याच खोलीत आहे, अगदी तिच्या पलंगाच्या वर. गॅलरीत पावसाची झड येते म्हणून जूनपासून तिथंच वाळत घालतेय. आत्ताच काढली. अर्ज उद्या देते. शालू वाचवायचा काही उपाय असेल तर तोही सांगा.