कोटिंग: लेप, मुलामा, कल्हई की अस्तर?

तळटीप: एका प्रयोगशाळेच्या हस्तपुस्तिकेचा अनुवाद करते आहे. विषय कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे केसाएवढ्या नळीत विजेच्या दाबाने प्रथिनं वेगळी करणं. नळीला आतून पॉलिमरचं कोटिंग असतं. मी सगळीकडे 'लेप' लिहीत गेले आणि एका पानावर हे वाक्य तयार झालं: 'खिडकी करण्यासाठी लेप जाळावा, मात्र लेपाला उष्णता लागू देऊ नये.' संपादकांनी समासात नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय. 'मुलामा' केलं तर सुटेल का?

जुनी वही: मुलामा नको. मुलामा बाहेरून असतो आणि तो दाखवण्यासाठी असतो, म्हणून त्या शब्दाला फसवणुकीचा वास येतो. लेपही बहुधा बाहेरचाच: चंदनाचा, सुंठीचा, मूर्तीवरचा वज्रलेप. आतून लावायच्या गोष्टींना आपल्याकडे निराळे शब्द आहेत. कोटाला अस्तर, भांड्याला कल्हई.

नळीवाली: मी रोज याच नळ्यांशी झटते, म्हणून जरा लांबण लावते. तळटीपताई, तुमचं वाक्य चुकीचं नाहीये, त्यात कोटिंग दोन आहेत! नळी शुद्ध सिलिकाची, भोक साधारण 50 मायक्रोमीटरचं. नुसती नळी हात लावला तरी मोडेल, म्हणून तिच्यावर बाहेरून तपकिरी पॉलिइमाइड चढवलेलं असतं. त्यातून प्रकाश नीट जात नाही, म्हणून मोजणीच्या जागी ते काही मिलिमीटर जाळून खिडकी करतात. आणि त्याच ज्योतीने आतलं नाजूक पॉलिमर करपतं. म्हणजे एक जाळायचं, दुसरं वाचवायचं. दोघांना एकच शब्द वापरलात तर नवशिका पोरगा नळी वाया घालवणार.

आतलं कशासाठी, तेही सांगते. सिलिकाच्या भिंतीवर सिलॅनॉल गट, म्हणजे सिलिकॉनला जोडलेले OH गट असतात. पीएच तीनच्या पुढे गेला की ते ऋणभारित होऊ लागतात. अंड्याच्या पांढऱ्या बलकातलं लायसोझाइम हे प्रथिन उदासीन द्रावणात धनभारित असतं, ते सरळ भिंतीला जाऊन चिकटतं. आलेखात टोकदार शिखराऐवजी लांब शेपूट येतं. आमच्याकडे 'पीकला शेपूट आलं' असंच म्हणतात. शिवाय त्या ऋणभारामुळे अख्खं द्रावणच ऋण टोकाकडे वाहू लागतं. 1985 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या स्टेलान येर्टेन यांनी यावर तोड काढली. आधी एका सिलेनचं, म्हणजे सिलिकॉनच्या एका संयुगाचं, एक टोक भिंतीला रासायनिक बंधाने जोडायचं, मग त्याच्या दुसऱ्या टोकापासून पॉलिॲक्रिलअमाइडच्या साखळ्या वाढवायच्या. भिंत झाकली जाते, प्रवाह जवळपास थांबतो, प्रथिनं चिकटेनाशी होतात.

कथील: ही तर शुद्ध कल्हई! पितळेच्या भांड्यात ताक कळकू नये म्हणून आपण आतून कथील लावतो. भांड्याने आतल्या पदार्थाशी लगट करू नये, हाच हेतू. आणि आधी नवसागराने भांडं साफ करायचं, तसं इथेही नळी आधी धुवत असतील.

नळीवाली: धुतात, कॉस्टिक सोड्याने. पण लेप चढल्यावर त्याच सोड्याने धुतलं तर सिलेनचा बंध तुटतो आणि तुमची कल्हई उडते. 😄

जुनी वही: हेतू जुळतो हे मान्य. पण 'कल्हई' म्हटलं की वाचकाला धातूच दिसणार. आतल्याला 'अस्तर', बाहेरच्याला 'वेष्टन'. आणि काहीच न लावलेली ती 'कोरी नळी'. 'अनावृत केशनलिका' कृपया नको.

तळटीप: अस्तर आवडलं. पण पुढच्या प्रकरणात 'डायनॅमिक कोटिंग' आहे. तिथे पॉलिमर भिंतीला बांधत नाहीत, द्रावणातच घालतात. ते येतं, चिकटतं, निघून जातं. 'गतिमान अस्तर' लिहिलं तर अस्तर पळाल्यासारखं वाटतं.

कथील: मग ते सारवण. उडालं की पुन्हा घालायचं.

नळीवाली: गंमत म्हणून नाही, खरंच बसतंय! पॉलिब्रीन नावाचं पॉलिमर वापरतो तेव्हा दोन फेऱ्यांच्या मध्ये नळीतून त्याचं द्रावण पुन्हा फिरवतो, अगदी सारवल्यासारखं. ते धनभारित असल्याने प्रवाहाची दिशाच उलटते, मग विजेची टोकंही अदलाबदल करावी लागतात. ती सूचना अनुवादात गाळू नका.

जुनी वही: बोलण्यात सारवण ठीक. पुस्तिकेत 'तात्पुरता लेप' आणि 'पक्कं अस्तर' ही जोडी घ्या. लेप पुसला जातो, अस्तर शिवलेलं असतं, एवढा फरक शब्दातच कळतो. आणि हो, 'प्रथिनांचे विलगीकरण' लिहिलं असेल तर बदला. 2020 नंतर तो शब्द वाचला की प्रथिनांना चौदा दिवस खोलीत कोंडल्यासारखं वाटतं.

तळटीप: लिहिलं होतं, बावीस ठिकाणी. बदलते. आणि ते वाक्य आता असं: 'खिडकीच्या जागी बाहेरचे वेष्टन काढावे, आतल्या अस्तराला उष्णता लागू देऊ नये.'

नळीवाली: 'जाळावे'चं 'काढावे' केलंत ते बरं झालं. अस्तर लावलेल्या नळीवर आम्ही ज्योत धरतच नाही, वेष्टन हलक्या हाताने खरवडतो.