रीबोअरसोबत बॅलन्सिंग-ब्ल्यूप्रिंटिंग: गरज की खिशाला चाट?

फिटर, वाळूज (धागा सुरू): इंजिन रीबोअरला (झिजलेले सिलेंडर कापून मोठे करून मोठे पिस्टन बसवायला) टाकलं की "बॅलन्सिंग-ब्ल्यूप्रिंटिंग पण करून घ्या" हा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. बॅलन्सिंग म्हणजे हलत्या भागांची वजनं जुळवणं. रोजच्या चार सिलेंडरच्या गाडीला हे रेसिंगचं खूळ कशाला? क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) कंपनीतूनच बॅलन्स होऊन येतो, पिस्टनचा सेट वजनानं जुळवलेला मिळतो. त्या पैशात ऑइल पंप, टायमिंग चेन अन् बेअरिंग नवीन बसतं.

लेथवाला, जालना: भाऊ, दोन कामं एका पोत्यात भरू नका. ब्ल्यूप्रिंटिंग म्हणजे ताकद वाढवणं नव्हे, कंपनीनं ठरवलेल्या मापावर प्रत्येक भाग नेऊन बसवणं. 1200 सीसी, 10 कॉम्प्रेशनचं (आतला वायू दहापट दाबणारं) इंजिन घ्या. एका सिलेंडरचे 300 सीसी, म्हणजे पिस्टन वर असताना जागा उरते 33.3 सीसी. हेड फेसिंगमध्ये (सिलेंडरवरच्या झाकणाची खालची बाजू घासून सपाट करताना) त्यातले 2 सीसी गेले की कॉम्प्रेशन 10.6. साधं पेट्रोल, मे महिन्याचं ऊन अन् भरलेली गाडी, मग नॉकिंगचा (पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसण्याचा) धोका वाढतोच. चेंबर (हेडमधली ही जागा) मोजायला भोक पाडलेली ॲक्रिलिकची प्लेट, ग्रीस अन् ब्युरेट (मापाची काचेची नळी) एवढंच लागतं.

फिटर, वाळूज: मोजणं मान्य. पण मोजायचं कुठं? आपल्याकडं दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये 42 अंश. माप धरलेलं असतं 20 अंशांचं. 75 मिमीचा ॲल्युमिनियमचा पिस्टन तेवढ्यात साधारण 0.033 मिमी फुगतो, बिडाचा बोअर (सिलेंडरचं भोक) 0.018. म्हणजे 0.040 चा क्लिअरन्स (पिस्टन अन् बोअरमधली फट) 0.025 दिसतो. कमी वाटला म्हणून बोअर वाढवला की सकाळी थंड इंजिनात पिस्टन खडखडतो. असं ब्ल्यूप्रिंट न केलेलं बरं.

लेथवाला, जालना: हा दोष शेडचा, पद्धतीचा नाही. ब्लॉक, पिस्टन अन् मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत ठेवा अन् पहाटे मोजा. होनिंग (बोअरची शेवटची बारीक घासाई) करताना ब्लॉकवर हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट हेडच्याच टॉर्कनं (बोल्टच्या जोरानं) आवळा, नाहीतर मोकळ्या ब्लॉकमध्ये गोल केलेला बोअर हेड आवळल्यावर वाकडा होतो. रिंग गॅप (पिस्टनच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट) पिस्टननं रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून फीलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) बघा. 75 च्या बोअरला ढोबळमानानं 0.30 मिमी, पक्कं माप मॅन्युअलमध्ये. गॅप कमी पडला तर तापल्यावर टोकं भिडतात अन् बोअर ओरबाडतो.

इंजिनवाला, लातूर: बॅलन्सिंगवर मी फिटरभाऊंच्या विरोधात. रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याच्या) मोठ्या टोकाला 10 ग्रॅमचा फरक, क्रँकची त्रिज्या 40 मिमी. 3000 आरपीएमला 4 किलोचा धक्का, 6000 ला 16 किलोचा, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट. अन् रॉडचं नुसतं एकूण वजन करणं फसवं: मोठं टोक फिरतं, छोटं वर-खाली होतं, म्हणून एक टोक टांगून दुसरं काट्यावर, मग उलट. सगळे रॉड हलक्याला जुळवायचे. घासायचं ते लांबीच्या दिशेनं अन् पॅडवरूनच, आडवी चर पडली की तिथूनच तडा जातो.

फिटर, वाळूज: 6000 ला रोज कोण नेतो? शिवाय चार सिलेंडरची, क्रँकच्या दुप्पट वेगानं येणारी थरथर तुमच्या काट्यानं जात नाही. तिला बॅलन्स शाफ्टच (उलट थरथर देणारा वेगळा फिरता दांडा) लागतो. उगाच ग्राहकाला "इंजिन लोण्यासारखं चालेल" म्हणून भुलवू नका. हां, एकाच सिलेंडरला ओव्हरसाइज पिस्टन टाकून बाकी तीन जुने ठेवायचे असतील, तर वजन केल्याशिवाय इंजिन बांधूच नये, हे मीही म्हणतो.

इंजिनवाला, लातूर: क्रँकवरचं फ्लायव्हील अन् क्लचची प्रेशर प्लेट बदलल्यावरही बॅलन्स बघायला हवा, तेही फिरतंच ना! जुन्या असतील तर उतरवण्याआधी खुणा करा, त्याच जागी बसवा.

डिझेलवाला, नांदेड: बॅलन्सिंग सोडा, डिझेलवाल्यांनी आधी पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते चारही सिलेंडरला डायल गेजनं मोजावं. ब्लॉक 0.2 मिमी फेस केला तर तेवढाच पिस्टन वर येतो. बऱ्याच डिझेलमध्ये हेड गॅस्केट (ब्लॉक अन् हेडमधली पातळ चकती) दोन-तीन जाडीची मिळते, जाडी कडेच्या भोकांवरून किंवा खाचांवरून ओळखायची, अन् निवड सर्वांत उंच पिस्टनवरून. "जुन्यासारखीच द्या" म्हणून आणलेली पातळ गॅस्केट टाकली तर पिस्टन हेडला भिडतो. त्याला ना बॅलन्सिंग वाचवतं ना ऑइल पंप.